फोकस 'चोरणं' मराठीत कसं म्हणायचं?

शाईचा_डाग: मंडळी, अडलंय. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या सेटिंगमधलं 'फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन' मराठीत करतेय. आपण एका खिडकीत टाइप करत असतो, भलताच प्रोग्राम टपकन पुढे येतो आणि आपली अक्षरं तिकडे जातात, ते थांबवायचं सेटिंग. मी 'लक्षचोरी प्रतिबंध' लिहिलं, तर तपासणारे सर म्हणाले लक्ष माणसाचं असतं, खिडकीचं नाही. पटलं. मग काय लिहू?

घडीचा_मास्तर: नाभी. दहावीला भिंगाची मुख्य नाभी, नाभीय अंतर शिकवतो ना आपण! 'नाभीहरण प्रतिबंध'.

चकलीभाजणी: नाभीहरण!! हहपुवा. पौराणिक नाटक वाटतंय. आमच्या हापिसात नुसतं 'मध्येच घुसलं' म्हणतात. परवा मी पासवर्ड टाइप करत होते, खाली कीबोर्डकडे बघून टाइप करायची सवय, चॅटची खिडकी मध्येच घुसली आणि पासवर्ड अख्ख्या ग्रुपवर, तोही एंटरसकट.

तिरपागडा: लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल! केप्लरने १६०४ साली हा शब्द प्रकाशशास्त्रात आणला, भिंगाने कागद पेटतो ती जागा म्हणून असणार. म्हणजे आपल्या पेटत्या चुलीवर दुसऱ्याने आपलं आधण चढवलं. 'चूल बळकावणे' कसं वाटतं?

घडीचा_मास्तर: चेष्टा करा. सावरकरांचे महापौर, दिग्दर्शक हेसुद्धा आधी लोकांना हसू आणत असतील. वापरले म्हणून रुळले.

रात्रपाळी: मास्तर, ते रोज छापून येतात. सेटिंगमधला शब्द माणूस वर्षातून एकदा वाचतो, तेही वैतागलेला असताना. आणि मुळात 'चोरी'च चूक आहे. मी एक प्रोग्राम उघडला, तो यायला वेळ लावतोय म्हणून दुसरीकडे टाइप करायला लागलो, तेवढ्यात तो पुढे आला. चोर कसा? मीच बोलावलेला पाहुणा तो. विंडोजमध्ये यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, 'फोरग्राउंड लॉक टाइमआउट' असतो, मूळ आकडा २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद. तेवढ्यात तुम्ही कीबोर्ड-माउसला हात लावला असेल तर पाहुणा दारातच उभा, खाली टास्कबारवर त्याचं बटण नुसतं लुकलुकतं. तरी काही दांडगे घुसतातच.

शाईचा_डाग: हो, आणि केडीईत पायऱ्या आहेत, 'काही नाही'पासून 'टोकाचं'पर्यंत. 'प्रतिबंध – कमी' विचित्र दिसतं हो.

तिरपागडा: मग 'रोख'! बंदुकीचा रोख, बोलण्याचा रोख, तसा कीबोर्डचा रोख. फारसी रुखवरून आलाय, मास्तरांना चालणार नाही.

चकलीभाजणी: 'रोख पळवला' वाचून मला गल्ल्यातले पैसे गेले वाटलं.

घडीचा_मास्तर: पैशाला रोकड म्हणावं. आणि तिरपागडेबुवा, चुलीचंच घ्यायचं तर मागे पडलेल्या खिडकीला वैल म्हणा, मुख्य चुलीच्या जाळावर तापणारी. हा मात्र अस्सल शब्द.

रात्रपाळी: आमच्याकडे औल म्हणतात.

घडीचा_मास्तर: औल हा अपभ्रंश.

रात्रपाळी: माझी आजी औलावर दूध ठेवायची, तिला सांगा अपभ्रंश.

शाईचा_डाग: अहो, मला सोमवारी द्यायचंय. 'फोकस पळवणं' ठेवू का?

चकलीभाजणी: आमच्याकडेही वैलच. पण तिच्यावर दूध नाही, आंघोळीचं पाणी.