अनुभव धागा: लहान मुलांच्या सौंदर्यस्पर्धा, मेकअपच्या खुर्चीपासून निकालापर्यंत

मॉलमधले 'किड्स रॅम्प वॉक', नवरात्रातल्या सोसायटीच्या 'छोट्या राजकुमारी', सुदृढ बालक स्पर्धा: हे आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं आहे. मुलांना त्यात घालावं की नाही यावर वाद पुष्कळ झाले. इथे ज्यांचं काम या मुलांशी येतं त्यांनी नेमकं लिहावं: काय बिघडतं, का बिघडतं, कशाने टळतं. मुलांची, शाळांची, आयोजकांची नावं नकोत.

मेकअप आर्टिस्ट, पुणे

सात-आठ वर्षांखालच्या मुलीला फाउंडेशन लागत नाही. दिव्यांत चेहरा फिका पडेल ही भीती आईची असते. चमक येते ती कपाळावर आणि नाकावर, तिथे टिश्यू दाबला की भागतं.

काही लावायचंच असेल तर आधी पॅच टेस्ट: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका, आणि दोन दिवस वाट. सकाळी ठिपका आणि संध्याकाळी स्पर्धा, याला टेस्ट म्हणत नाहीत, कारण ॲलर्जीचं पुरळ बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. हस्तकलेच्या दुकानातली चमकी चेहऱ्यावर नकोच. तिच्या कडा धारदार असतात, मूल डोळा चोळतं आणि बुबुळाला ओरखडा येतो. खोट्या पापण्यांना सरळ नाही म्हणा. गोंद वाळेपर्यंत चार वर्षांचं मूल डोळे मिटून बसत नाही.

बन बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या दिसल्या तर तो सैल करायचा. रोजच्या सरावाला असाच ताणून बांधत राहिलं की कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात.

त्वचारोगतज्ज्ञ, कोल्हापूर

स्पर्धेच्या दिवसापेक्षा आधीचा महिना मला जास्त काळजीचा वाटतो. 'जरा उजळ दिसू दे' म्हणून मेडिकलमधून क्रीम आणलं जातं. त्यात बरेचदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादं स्टेरॉइड असतं, कधी जोडीला त्वचा फिकी करणारं हायड्रोक्विनोन. पहिले दोन-तीन आठवडे गाल तुकतुकीत, घरचे खूश. मग लाली, त्वचेखाली बारीक रक्तवाहिन्या, तोंडाभोवती पुटकुळ्या. क्रीम थांबवलं की आग होते, म्हणून परत लावलं जातं, आणि तिथे चक्र सुरू होतं. मुलांची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे औषध रक्तातही जास्त उतरतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत म्हणून 2018 मध्ये नियम कडक झाले, तरी ती मिळतात. ट्यूबवरचे घटक वाचा. आधीच लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

सावळ्या रंगावर उपचार नसतो, कारण तो आजार नाही. हे मुलीच्या देखत बोलायला हवं, तिने ऐकायला हवं.

आणि तासाभरात काळीभोर चढणारी मेंदी नको. तिच्यात पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढे कधी केसांना डाय लावला की चेहरा सुजतो.

ह्यूस्टन, टेक्सास

इथे स्पर्धांचे दोन प्रकार: 'नॅचरल' आणि 'ग्लिट्झ'. ग्लिट्झमध्ये केसांचे टोप, फुगीर कपकेक ड्रेस, स्प्रे टॅन (अंगावर फवारून चढवलेला तपकिरी रंग) आणि फ्लिपर, म्हणजे पडलेल्या दुधाच्या दातांची जागा झाकणारी कवळी. टॅनचा रंग डायहायड्रॉक्सीॲसिटोन या रसायनामुळे येतो. तो फवारताना डोळे आणि ओठ झाकावेत, फवारा श्वासात जाऊ देऊ नये, असं इथलं एफडीए (अन्न-औषध प्रशासन) सांगतं. आता तीन वर्षांचं मूल सांगितल्यावर श्वास रोखून धरेल का? दुपारच्या झोपेची वेळ टळावी म्हणून निव्वळ साखरेची पूड भरलेल्या नळ्या चाखायला देतात. तासाभराने मूल आणखी चिडचिडं होतं. इथल्या मराठी पालकांना एवढंच: नाव नोंदवण्याआधी नियमावलीत 'ग्लिट्झ' शब्द शोधा.

बालदंतवैद्य, नाशिक

फ्लिपरला जोडून. नवे दात येतच असतात, त्यामुळे अशी कवळी काही महिन्यांत बसेनाशी होते, आणि ढिली कवळी खोकल्यासरशी घशात जाऊ शकते. आपल्याकडे ती फारशी मागत नाहीत, मागणी असते फट बुजवण्याची. साधारण सात ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दोन दातांत फट असणं अगदी नैसर्गिक आहे. सुळे उतरले की ती बहुतेकदा आपोआप मिटते. घरी दातांना रबरबँड घालणं हा सर्वांत वाईट उपाय. रबर हिरडीखाली सरकतं, मुळाकडे चढत जातं आणि धडधाकट दात हलू लागतो, कधी कधी गमवावा लागतो.

स्टेज व्यवस्थापन, ठाणे

रिपोर्टिंग दुपारी 1 ला, प्रमुख पाहुणे 6 नंतर, आणि चार-पाच वर्षांचा गट सर्वांत शेवटी, कारण त्यांच्यासाठी हॉल भरलेला राहतो. मधले तास मूल जरीच्या कपड्यांत. ड्रेस डागाळेल म्हणून खाणं नाही, सू लागेल म्हणून पाणी नाही. स्टेजवरचं रडणं पुष्कळदा भीतीचं नसतं, भुकेचं असतं.

हे करा: घरून पुढे बटणं असलेला सुती शर्ट घालून आणा, म्हणजे तो काढताना केस-चेहरा बिघडत नाही. ड्रेस पाळीच्या अर्धा तास आधी. दर दीड तासाने बाथरूम. डब्यात वरणभात, केळं, राजगिऱ्याचा लाडू. घागरा घोट्याच्या दोन बोटं वर, बूट सपाट आणि आधी आठवडाभर वापरलेले. वाढत्या पायात टाचांचे बूट नकोतच, भार चवड्यावर येतो आणि उतरत्या रॅम्पवर घोटा मुरगळतो.

फोनवर आधी विचारा: आमचा गट किती वाजता, कपडे बदलायची खोली वेगळी आहे का, तिला आतून कडी आहे का, तिथे फोटोग्राफर येतो का. उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका.

आयोजकांना विनंती: प्रत्येकीला सबटायटल (मुख्य किताबाखालचा छोटा किताब) द्यायचं म्हणून 'बेस्ट स्किन'चा सॅश, म्हणजे किताबाचा पट्टा, सहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर घालू नका. उरलेल्या सगळ्या आपापले हात बघायला लागतात.

शालेय समुपदेशक, छत्रपती संभाजीनगर

पाच वर्षांच्या मुलाला क्रमांक नीट कळत नाही, आईचा चेहरा कळतो. सात-आठच्या पुढे ते स्वतःला इतरांच्या शेजारी ठेवून मोजायला लागतं. म्हणून त्याच निकालाचा घाव नऊव्या वर्षी खोल जातो. नंतरच्या आठवड्यांत लक्ष ठेवा: फोटोत पोट आत घेणं, डबा परत येणं, पोहायला नकार, 'मी काळी आहे म्हणून' अशी वाक्यं. महिनाभर टिकलं तर समुपदेशकाकडे या.

'स्पर्धेने मुलं कायमची बिघडतात' असंही म्हणू नये. 2005 च्या एका अमेरिकन अभ्यासात लहानपणी स्पर्धेत उतरलेल्या 11 स्त्रियांची तुलना न उतरलेल्या 11 जणींशी केली होती. पहिल्या गटात स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी जास्त आढळली, नैराश्य आणि आत्मसन्मान यांत मात्र फरक दिसला नाही. नमुना फार लहान आहे, पण नाराजी नेमकी शरीराबद्दलची, हे लक्षात घ्यावं.

निकालाआधीच घरी जायची गाडी आणि जेवण ठरवून ठेवा, जिंकलं-हरलं तरी तेच. 'किती सुंदर दिसलीस' याऐवजी 'माइक बंद पडला तरी कविता पूर्ण केलीस' असं, तिने केलेल्या गोष्टीचं नाव घ्या.

अंगणवाडी पर्यवेक्षिका, सातारा

गुटगुटीत म्हणजे सुदृढ, हा समज स्पर्धेने पक्का होतो आणि मग बाळाच्या दुधात साखर, बिस्किटांची पेज असं कोंबणं सुरू होतं. बाळाचं वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, एवढं पुरे. केंद्र सरकारने जानेवारी 2022 मध्ये शून्य ते सहा वयोगटासाठी स्वस्थ बालक-बालिका स्पर्धा घेतली, ती वजन-उंचीच्या मोजमापावर होती, दिसण्यावर नव्हे. गावात स्पर्धा घ्यायची तर तशीच घ्या: वजनकाटा, उंचीपट्टी, लसीकरणाचं कार्ड.

वकील, मुंबई

चित्रीकरण किंवा जाहिरात असेल तर बालकामगार नियमांतली 2017 ची दुरुस्ती पाहा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला 5 तासांची मर्यादा, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम नाही, मिळकतीतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. फॉर्मवर 'फोटो कुठेही, कायमस्वरूपी वापरता येतील' अशी ओळ असेल तर ती खोडून, बाजूला सही करून द्या.

मेकअप आर्टिस्ट, पुणे

एक राहिलं. स्प्रेने कडक झालेले केस कंगव्याने ओढू नका. आधी पिना मोजून काढा, मग खोबरेल तेल चोळून 15 मिनिटं थांबा, मग बोटांनी टोकाकडून सोडवत वर या. चेहराही खोबरेलाच्या कापसाने, न घासता. मूल वाटेत झोपलं असेल तर ओल्या मऊ कापडाने ओठ आणि पापण्या तेवढ्या पुसा, बाकीचं सकाळी.