देवघरातल्या संगमरवरावरचे डाग कसे काढायचे? तातडीने मदत हवी आहे

मृद्गंध_२१
नमस्कार. पुढच्या रविवारी घरी सत्यनारायण आहे आणि देवघराची अवस्था बघवत नाहीये. पांढऱ्या संगमरवरावर डाग पडलेत आणि काही केल्या निघत नाहीत. साबणाने धुतलं, घासलं, फरक शून्य. कुणाकडे खात्रीचा उपाय असेल तर कृपया लगेच सांगा. बाजारातलं काही चालत असेल तर तेही सांगा.

अश्विनी_नाशिक
कसले डाग आहेत? तेल, हळद, गंज, पाणी? फोटो टाका ना.

सुलूमावशी
अगं, अर्धं लिंबू घे, त्यावर खायचा सोडा टाक आणि चोळ. आमच्याकडे सिंक, नळ, टाइल्स सगळं त्यानेच लख्ख होतं. वर पैसेही लागत नाहीत.

रसायन_मास्तर
मावशी, टाइल्सचं ठीक आहे, संगमरवराला लिंबू लावू नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की फेस येतो, तो डाग निघाल्याचा नसतो, दगड विरघळल्याचा असतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच, ताक, बाथरूम धुवायचं ॲसिड, यातलं काहीही नको. शिवाय लिंबू आणि सोडा एकत्र केले की दोघेही एकमेकांना मारतात, हाती उरतं खारट पाणी.
मृद्गंध, डाग कुठे आहेत आणि कोणत्या रंगाचे, ते आधी लिहा.

मृद्गंध_२१
सॉरी, घाईत लिहिलं. समईखाली मोठा काळपट गोल आहे, ओला असल्यासारखा दिसतो पण हाताला कोरडा लागतो. पुढच्या कडेला हळदीचे पिवळे डाग. आणि तांब्या-ताम्हन ठेवतो तिथे पांढुरकी, निस्तेज वर्तुळं. मावशींचं वाचून पिवळ्यावर नुसता सोडा ओला करून लावला तर तो लाल झाला!! आता काय करू?

रसायन_मास्तर
घाबरू नका. सोडा अल्कली आहे आणि अल्कली लागली की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. साबणानेही हेच होतं. साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या, परत पिवळी होईल.
तुमच्याकडे तीन वेगळी दुखणी आहेत, त्यांना एक औषध चालणार नाही. तेल दगडाच्या आत शिरलंय. हळदीचा रंग छिद्रांत बसलाय. ती निस्तेज वर्तुळं मात्र डागच नाहीत. ताम्हन चिंचेने घासून तसंच ओलं देवघरात ठेवता का?

मृद्गंध_२१
हो, साबा (सासूबाई) चिंचेनेच घासतात. पण धुऊन ठेवतात.

रसायन_मास्तर
काठाखाली थोडं राहिलं तरी पुरतं. तिथे दगडाचं पॉलिश खाल्लं गेलंय. कितीही पुसा, ते जाणार नाही. तिथे परत पॉलिशच करावं लागेल.

भाऊसाहेब_जी
मी स्पष्ट बोलतो. संगमरवर घरात घ्यायचाच कशाला? ग्रॅनाइट घ्या. आमच्या ओट्यावर इतकी वर्षं आमटी सांडतेय, एक डाग नाही.

अश्विनी_नाशिक
भाऊसाहेब, त्यांनी दगड बदलायचं विचारलेलं नाही. रविवारी पूजा आहे.

भाऊसाहेब_जी
पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून सांगितलं. ग्रॅनाइट सिलिकेट खनिजांचा असतो, लिंबाने त्याला काही होत नाही.

पारिजात
ताजमहालाला मुलतानी मिट्टीचा लेप लावतात ते ठाऊक असेलच. पुरातत्त्व खात्याने १९९४ मध्ये लावला, मग २००१, २००८ आणि २०१४ मध्येही. लेप वाळला की धूळ आणि काजळी घेऊन निघतो, मग पाण्याने धुतात. तोही संगमरवरच, राजस्थानातल्या मकराण्याचा. घरी का नाही चालणार?

फरशीवाला
पारिजात, तत्त्व बरोबर आहे. लेप वाळताना आतली घाण ओढून घेतो. पण ताजवर मुख्यतः वरची काजळी आणि धूळ आहे, इथे तेल आत मुरलंय. नुसत्या पाण्यातल्या मातीने ते निघणार नाही, लेपात तेल विरघळवणारं काहीतरी हवं. माझं फरशीचं काम आहे, आम्ही असं करतो:
समईखालच्या डागाला बिनवासाची पांढरी टाल्कम पावडर ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रव) कालवून, श्रीखंडाइतकी घट्ट करून, बोटाच्या पेराच्या अर्ध्या जाडीने लावा. डागाच्या कडेपासून थोडी बाहेरपर्यंत. वर प्लॅस्टिक, कडा चिकटपट्टीने बंद. २४ तास ठेवा. मग प्लॅस्टिक काढा आणि पूर्ण वाळू द्या. वाळणं महत्त्वाचं, तेल वर येतं ते तेव्हाच. मग लाकडी चमच्याने अलगद खरवडा. जुना डाग एका लेपात जात नाही, परत लावावा लागतो.
ॲसिटोन पटकन पेट घेतं. देवघरात समई, निरांजन, उदबत्ती सगळं विझवून, खिडकी उघडी ठेवून. तेवढे दिवस देव दुसरीकडे हलवा.
मुलतानी मिट्टी पांढऱ्या दगडावर मी टाळतो. पिवळसर मातीत लोह असतं, उलट छटा उरते.

मृद्गंध_२१
साबांना देव हलवायचं कसं सांगू हा वेगळा प्रश्न आहे. 🙏 हळदीचं काय?

रसायन_मास्तर
औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ६ टक्क्यांचं. कापूस भिजवून डागावर ठेवा, वर प्लॅस्टिक. कोपऱ्यात आधी तपासून घ्या. पांढऱ्या दगडावर ठीक, काळ्या किंवा रंगीत दगडाचा रंग उडू शकतो. ऊन येत असेल तर नुसत्या उन्हानेही हळद फिकी पडते. पापडाच्या कापडावरची जाते तशी.
ॲसिटोन आणि पेरॉक्साइड कधीही एकत्र करू नका, एका दिवशी एकाच जागी वापरूही नका. हातमोजे घाला.

सुलूमावशी
आमच्या पिढीने एवढं काही केलं नाही. समईखाली ताटली ठेवायचो, तेल फरशीवर जायचंच नाही. आणि तेल घालतेस कशाला, तूप घाल.

पारिजात
मावशी, तुपाचाही डाग पडतो, तेही स्निग्धच. ताटलीचं मात्र शंभर टक्के पटलं.

भाऊसाहेब_जी
समईला तेलच हवं, तूप निरांजनाला. हे आमच्या आजोबांपासून आहे.

अश्विनी_नाशिक
मंडळी, तेल-तुपाचा वेगळा धागा काढा. मृद्गंध, दगड मकराणा आहे की इटालियन? इटालियनमध्ये भेगा रेझिनने (डिंकासारख्या चिकट पदार्थाने) भरलेल्या असतात, ॲसिटोनने ते मऊ पडायची भीती असते.

मृद्गंध_२१
बिलावर मकराणा लिहिलंय. भरलेल्या भेगा दिसत नाहीत.

वाटाण्या
माझ्या कडाप्प्याच्या ओट्यावर पांढरे डाग आहेत, त्यावर कुणी सांगेल का?

मृद्गंध_२१
अपडेट. हळद जवळपास गेली, उन्हातल्या बाजूची जास्त. लाल झालेलं पाण्यानेच पिवळं झालं होतं, मास्तर, मनापासून आभार. समईखालचा गोल एका लेपाने फिका झालाय, कडा अजून दिसते. दुसरा लेप आज लावलाय. देव साबांनी स्वतःच पाटावर हलवले. वर्तुळांसाठी पॉलिशवाला पूजेनंतर येणार आहे. त्याने सीलर (दगडात काही मुरू नये म्हणून लावतात ते द्रव) लावायलाही सांगितलंय. तो आत्ताच लावून घेऊ का? त्याने चिंचेपासूनही वाचेल ना?

फरशीवाला
आत्ता नको. तेल आत असताना सीलर मारला की ते आतच कोंडतं. आधी लेप पुरे, मग घासकाम आणि पॉलिश, मग दगड दोन-तीन दिवस सुकू द्या आणि शेवटी सीलर. लागलाय की नाही ते पाण्याच्या थेंबाने बघा: थेंब वरच टिकला तर ठीक, काही मिनिटांत दगड काळवंडला तर अजून एक हात द्या.
सीलरने तेल आणि हळद मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात पुसून घेता येतं. चिंचेपासून तो वाचवत नाही. ताम्हन बाहेर घासा, कोरडं पुसा आणि खाली छोटी थाळी ठेवा.

सुलूमावशी
थाळीचं मी आधीच म्हटलं होतं. पूजा छान होऊ दे गं, प्रसादाचा फोटो टाक.