रात्री साडेदहाची भूक: पोटभर, तरी हलकं काय खावं?

ओट्यापाशी_उभी:
वय ४३, उंची पाच फूट एक, वजन ७४. शाळेत क्लार्क आहे, दिवसभर खुर्ची. दोन महिने झाले, दुपारी एकच पोळी आणि रात्री पाकिटातलं सूप. मग साडेदहाला अंधारात ओट्यापाशी उभं राहून चिवड्याच्या डब्यात हात. नवरा म्हणतो, घरात उंदीर झालेत. एवढं करून काटा ७३.६ वर. उपाशी राहणं मला जमत नाही, हे मान्य. चौघांचा स्वयंपाक एकच होतो, त्यामुळे किनोआ-ब्रोकोली सांगू नका. भाकरी-उसळ-भाजीतलंच काय खाऊ?

पळीवाला:
ताई, चिवडा १०० ग्रॅम म्हणजे जवळपास ५०० कॅलरी. तेवढ्या कॅलरीसाठी काकडी तीन किलोच्या वर खावी लागेल! पाणी आणि चोथा जास्त असलेलं पोटात जागा व्यापतं, एवढंच गणित.
दुसरं, महिन्याचं तेल मोजा. आमच्या चौघांत पाच लिटर संपायचं. ग्रॅमला ९ कॅलरी धरली तर माणशी रोज साडेतीनशेच्या आसपास, नुसत्या फोडणीतून! आता पळी लपवून ठेवलीय, चमच्यानं मोजून घालतो. भाजीची चव गेली म्हणून कोणी उठून गेलेलं नाही अजून.

विदर्भाची_माय:
ते सूप बंद कर आधी. त्यात चावायला काय आहे? रात्री वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी आणि एक ज्वारीची भाकरी. भाकरीला तेलाचं बोट लागत नाही आणि ती चावावी लागते, पोळीसारखी गिळता येत नाही. जेवणाआधी कोशिंबीर. पण दाण्याचा कूट मुठीनं घालशील तर ती कोशिंबीर नाही राहिली, एक चमचा बस. भूक लागलीच तर पातळ ताक, जिरेपूड घालून. आणि चिवडा करूच नको महिनाभर. डबा भरलेला असला की हात जातोच.

एकादशीवाला:
बटाट्याला उगाच बदनाम केलंय. १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरीच्या मापानं लोकांना देऊन दोन तास भूक विचारत गेले. पहिला आला उकडलेला बटाटा, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त. शेवटी क्रोसाँ, म्हणजे लोण्याचा फ्रेंच पाव. उकडलेला म्हणतोय, वडा नाही. मी उपासाला साबुदाणा सोडून उकडलेला बटाटा आणि ताक घेतो. खिचडीत पिठूळ साबुदाणा, वर तूप, वर कूट, आणि दोन तासांत पुन्हा फराळ काय आहे म्हणून विचारायचं! मात्र शुगर असेल तर बटाट्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

ओट्यापाशी_उभी:
शुगर नाही, मार्चमध्येच तपासली. तीन आठवड्यांनी लिहितेय. मटकीनं पोट फुगलं, मोडाचे मूग मानवले. भाकरी दीड खाते, एकीवर भागत नाही, आणि साडेदहाला झोप लागलेली असते. काटा ७२.७. तेल मोजल्यावर कळलं की आमचं पाच नाही, साडेसहा लिटर जात होतं. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. आता शाळेत कोणाचा तरी वाढदिवस निघतोच आणि सामोसे टेबलावर येतात. त्याचं काय करता तुम्ही लोक?

विदर्भाची_माय:
अर्धा खायचा आणि उरलेला शिपायाच्या पोराला द्यायचा. नाही म्हटलं की दोन खाल्ले जातात, माझा अनुभव आहे.