मदत हवी आहे: गाडीची काच सैल झालीय, घरीच बसवता येईल का?

खडखडराव: ड्रायव्हर बाजूची काच वर नेली की तिरकी जाते, मागचा कोपरा रबराबाहेर राहतो. पाऊस थेट मांडीवर. गॅरेजवाला म्हणतो काच वर-खाली करणारं अख्खं मशीन बदला. मला घरीच करायचंय. लवकर सांगा, उद्या सकाळी गाडी लागणार आहे.

बोरघाट: गाडी कुठली? हँडलची काच की बटणाची?

खडखडराव: जुनी हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, धागा तिकडेच घसरेल.

बोरघाट: आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर?

खडखडराव: बटणाची हो.

गोडबोले_नव्हे: सगळीकडून डब्ल्यूडी-४० तेलाचा स्प्रे मारा. माझी काच लोण्यासारखी चालते.

पाना_नंबर_दहा: त्यांची काच जड नाही, सैल आहे. आणि पेट्रोलियमच्या तेलाने दाराचं रबर फुगतं. मारायचाच तर सिलिकॉन स्प्रे.
खडखडराव, बटण दाबताना हाताने आधार दिला तर काच सरळ वर जाते का? जात असेल तर मोटर ठीक आहे. काच खाली ज्या क्लॅम्पमध्ये बसते त्याचे बोल्ट ढिले झालेत, नाहीतर तारेवर सरकणारा प्लास्टिकचा तुकडा तुटलाय.

कोकणी_खाक्या: मी पाचर ठोकून काच कायमची बंद केलीय. एसी आहे, फास्टॅग आहे, काच उघडायची कशाला?

बोरघाट: आणि पोलिसाने थांबवलं तर?

कोकणी_खाक्या: दार उघडतो.

सावली: त्यापेक्षा काळी फिल्म लावून घ्या, काच धरून राहते.

बोरघाट: फिल्मने काच धरून राहते?! शिवाय काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत यायला हवा.

खडखडराव: फिल्म कुणी विचारली? आधार दिला की सरळ जाते. पुढे काय?

पाना_नंबर_दहा: काच वर करून चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला बांधा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. आतल्या हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढून दाराचं पॅड खालून हळूहळू उचका. स्क्रू ड्रायव्हरने नको, क्लिपा तुटतात. आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, दारात उतरणारं पाणी तोच केबिनबाहेर ठेवतो. क्लॅम्पचे बोल्ट बहुतेक दहा नंबरच्या पान्याचे असतात. काच दोन्ही चॅनलमध्ये सरळ बसवून आवळा आणि पॅड लावायच्या आधी चालवून बघा. काचेच्या कडेला पाना लागू देऊ नका, टफन्ड काच आहे, क्षणात चुरा होतो.

गोडबोले_नव्हे: एवढा खटाटोप कशाला, एम-सील भरा.

पाना_नंबर_दहा: आणि पुढच्या वेळी मशीन बदलताना काच फोडून काढा. काच लोखंडी पट्टीतून सुटली असेल तर विंडशील्डचं पॉलियुरेथेन सीलंट लावतात, एम-सील नाही.

खडखडराव: उघडलं. बोल्ट घट्ट आहेत, प्लास्टिकचा तुकडा मधोमध तुटलाय. नुसता तो मिळतो का?

पाना_नंबर_दहा: काही मॉडेलचा मिळतो, नाहीतर अख्खं मशीन. मोटर जुनीच वापरा. उद्यापुरती काच वर चिकटवून ठेवा आणि बटणाचा कनेक्टर काढा, सवयीने दाबाल.

बोरघाट: पुण्यात नाना पेठेत चौकशी करा.

खडखडराव: मी नागपुरात आहे.

बोरघाट: हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का, राव?

सावली: पाण्याचा विषय निघालाच आहे तर, माझ्या डिकीत स्टेपनीखाली पाणी साचतं. कुणाला अनुभव?