प्रतिसाद: जॉन्सनचं जेवणाचं आमंत्रण हे भाषांतर नव्हे

वर कुणीतरी इंग्रज कवी बेन जॉन्सनची ‘इन्व्हायटिंग अ फ्रेंड टू सपर’ ही कविता (१६१६च्या संग्रहातली) रोमन कवी कॅटलसच्या तेराव्या कवितेचं भाषांतर ठरवली आहे. गल्लत होतेय. कॅटलस पाहुण्यालाच जेवण बरोबर आणायला सांगतो, कारण त्याच्या रिकाम्या बटव्यात कोळिष्टकं. जॉन्सनचा यजमान स्वतः वाढतो. त्याचा कच्चा माल मार्शल या दुसऱ्या रोमन कवीचा आहे, तोही एका नव्हे, तीन कवितांतला: ५.७८ (म्हणजे पुस्तक ५, कविता ७८), १०.४८ आणि ११.५२.

११.५२ शेजारी ठेवून वाचा. लेट्यूस, लीकची (कांद्याच्या जातीची भाजी) पात, अंड्यांखाली झाकलेला मासा असा साधा बेत सांगून झाला की मार्शल म्हणतो, ‘तू यावंस म्हणून खोटं बोलेन’, आणि मग शिंपले, डुकरिणीची कास वगैरे थाट मांडतो. जॉन्सन ही थाप जशीच्या तशी उचलतो, पण पदार्थ लंडनचे: मटण, अंड्यांनी भरलेली कोंबडी, तितर, जमलंच तर गॉडविट हा पाणथळीतला पक्षी. नकलेत सहसा इथेच घोटाळा होतो. पदार्थ रोमन ठेवले की थाप कळत नाही, कारण कुठला पदार्थ महाग हे वाचकाला ठाऊकच नसतं.

शेवट १०.४८चा. मार्शलचे पेले कुणाला आरोपी करत नाहीत. जॉन्सन त्यात ‘पूली’ घालतो: असा माणूस आपल्या जेवणाला नसेल, म्हणतो. हा पूली म्हणजे रॉबर्ट पोली, सरकारी हेर; १५९३मध्ये नाटककार मार्लोचा खून झाला तेव्हा त्याच खोलीत होता.