सांगली-मिरज रोडचे सिग्नल एकमेकांशी जुळवले तर? मत सांगा

विश्रामबागवाला:
हिरवा मिळाला म्हणून निघायचं आणि पुढच्या चौकात लाल, पुष्पराज चौकापासून हेच चाललंय. उड्डाणपूल मागण्याआधी सिग्नल जुळवून बघा की. ताशी ३६ नं गाडी सेकंदाला १० मीटर जाते, दोन चौकांत ६०० मीटर असतील तर पुढचा सिग्नल ६० सेकंदांनी हिरवा करायचा, झालं. सॉल्ट लेक सिटीत १९१७ सालीच सहा चौक एका स्विचवर चालायचे आणि आपण अजून प्रत्येक चौक सुटा ठेवलाय.

मिरजेचा वडापवाला:
भावा, ३६ नं जातंय कोण? कुणी हात केला की वडाप, म्हणजे शेअरची गाडी, थांबणार (मी पण थांबतो, पोट आहे), गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं लागला की तुझा हिरवा गेला. आणि तुला हिरवं दिलं की मिरजेकडनं येणाऱ्यानं लालवर बसायचं का?

विश्रामबागवाला:
दोन्हीकडं जमतं, पण जाऊन-येऊन लागणारा वेळ सिग्नलच्या सायकलच्या, म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतच्या वेळेच्या, पटीत बसला पाहिजे. जायला ६०, यायला ६०, सायकल १२० ची ठेवली तर दोघांनाही हिरवं. ९० ची ठेवली की येणारा अडकला. चौक काय पट्टीनं मापून बांधलेले नसतात हे मान्य, मग ज्या वेळी जिकडं गर्दी तिकडं झुकतं माप द्यायचं.

पायी चालणारी:
१२० ची सायकल म्हणजे आम्ही उन्हात किती वेळ उभं राहायचं ते पण सांगा. लोक तेवढं थांबत नाहीत हो, गाड्यांमधनं घुसतात. १५ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटरनं चाललं तरी साडेबारा सेकंद लागतात, आणि हा धडधाकट माणसाचा हिशोब, गुडघेदुखीवाल्या आजींचा नाही. ते सेकंद आधी बाजूला काढा, मग तुमचं ते हिरवं-हिरवं. कुपवाडच्या बाजूनं येणाऱ्यांचं तर कुणी नावच काढेना.

साताऱ्याचा पाहुणा:
आमच्या पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर (चौकाखालनं जाणारा रस्ता) झाला, त्या खर्चापुढं हे काहीच नाही, त्यामुळं माझं मत जुळवण्याच्या बाजूनं. फक्त जुळवलेलं टिकत नाही ही खरी गोम. प्रत्येक सिग्नलचं घड्याळ थोडं थोडं सरकतं, लाईट जाऊन आली की टायमर कुठूनही सुरू होतो, आणि काही दिवसात गाडी पोचायला आणि लाल व्हायला एकच गाठ. जीपीएसवरनं वेळ घेणारा कंट्रोलर आणि बॅटरी बॅकअप टेंडरमधे नसेल तर उद्घाटनाचा नारळ पण फोडू नका.

मिरजेचा वडापवाला:
कंट्रोलर बसवा, जीपीएस बसवा, आमची ना नाही. पण त्याच टेंडरमधे चौक ओलांडल्यावर वडापला थांबायला जागा काढा. नायतर सिग्नल सुटला की पहिली गाडी माझीच थांबलेली असणार आणि मागं तुम्ही सगळे हॉर्न वाजवत.

विश्रामबागवाला:
जागा काढूया, पण मग त्या जागेतच थांबायचं. कबूल?

मिरजेचा वडापवाला:
पॅसेंजरला विचारून सांगतो 😄