परसातला शिंजीर, जुनी ३०० मिमी लेन्स आणि मऊ फोटो

दांडियाबाजारवाले
निकॉर ३०० मिमी एफ ४.५ ही हाताने फोकस करायची जुनी एआय-एस लेन्स साध्या अडॅप्टरने सोनी ए६४०० वर लावली आहे. बडोद्यातल्या वाड्याचं परस. जास्वंदीवर शिंजीर हा चिमुकला पक्षी चार मीटरवर, पाण्याची परळ तीन मीटरवर. परळीवर फोकसच लागत नाही, शिंजीर मऊ, म्हणजे अस्पष्ट येतो. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावलं की सगळंच लाल. ट्रायपॉड आहे.

भिंगवाला
परळीचं उत्तर अंगठीवरच लिहिलंय: ३.५ मीटरच्या आत ही लेन्स जात नाही. लेन्स आणि अडॅप्टरच्या मधे निकॉन एफ माउंटची १२ मिमी एक्स्टेन्शन ट्यूब (बिनकाचेची पोकळ नळी) घाला. मग साधारण २.७ ते ८ मीटरपर्यंत फोकस मिळेल, त्यापलीकडचं काही नाही. प्लास्टिकच्या माउंटची ट्यूब नको, एवढ्या वजनाने वाकते.

शिंजिराचं दुखणं निराळं. ४ मीटरवर एफ ५.६ ला फोकसची खोली (पुढे-मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर) जेमतेम ३ सेंमी, पक्षी १० सेंमी. चोचीवर फोकस असेल तर शेपूट जाणारच. डोळा धरा. पीकिंगची पातळी 'लो' करा आणि शेवटचा निर्णय सहापट मॅग्निफायवर, म्हणजे स्क्रीनवर दृश्य मोठं करून घ्या. साध्या अडॅप्टरवर एफ-आकड्यांची अंगठी फिरवली की लेन्सचं छिद्र लगेच मिटतं, म्हणून एफ ५.६ वरच फोकस करा; छिद्र उघडं ठेवून फोकस केला आणि नंतर मिटवलं तर हात लागून फोकस हलतो.

पाणवठा
ट्रायपॉडला बॉडी लावलीय की लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीचं ट्रायपॉडचं कडं)? बॉडी असेल तर पुढचं वजन लोंबकळतं आणि अडॅप्टरवर ताण येतो. ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझर नाही, म्हणून शटर १/१००० ठेवा, आयएसओ वाढला तरी चालेल. सायलेंट शटर बंद करा, नाहीतर फडफडते पंख वाकडे येतात.

दांडियाबाजारवाले
बॉडीच लावली होती! एफ ८ केलं तर?

भिंगवाला
खोली ३ ची साधारण ४ सेंमी होईल, उजेड मात्र अर्धा. सकाळी ऊन परळीवर असेल तेव्हा करा, सावलीत नको. आणि काच बंद ठेवून तिरक्या कोनातून काढत असाल, तर आधी खिडकी उघडा. ३०० मिमीला काच लगेच दगा देते.

पाणवठा
फुलाच्या देठावर आधीच फोकस लावून थांबा. शिंजीर त्याच फुलाशी पुन्हा येतो. आला की फोकसची अंगठी किंचित पुढे-मागे करत सलग चार-पाच फोटोंचा बर्स्ट, एखादा तरी बसतो.